चैन कुणाची, नि म्हणायचं कुणाला?



मागच्या अंकात आपण 'पत' हा शब्द घेतला होता. या वेळचा शब्द आहे 'चैन'. हा शब्द माहीत नाही अशी एकही बाई आपल्या मावळात सापडणार नाही. मग त्याचा धडा कशाला? तर हा शब्द वापरताना आपण कुठं चुकतो, ते मला एका ओळीनं दाखवलं, आणि ती ओळ माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी तेव्हा आमच्या समूहाची सचिव होते. भाताची लावणी उरकत आली होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि बैठक एकीच्या पडवीत भरली होती. कर्जमागणीचे दोन अर्ज होते. पहिला अर्ज नातवाच्या पहिल्या वाढदिवसासाठी, रुपये २०,०००. मंडप, जेवण, केक, चौकात फ्लेक्स. "पहिलं नातवंड आहे, करायला नको का?" असं सगळ्याच म्हणाल्या. पाच मिनिटांत मंजूर. मी ठरावबुकात लिहिलं, 'घरगुती कार्यासाठी'.

दुसरा अर्ज बंगल्यावर काम करणाऱ्या एका ताईचा. ती जिथं झाडलोट आणि स्वयंपाक करते, ते मालक जुनं वॉशिंग मशीन काढत होते. ९,००० रुपयांत देतो म्हणाले. तिला तेवढंच कर्ज हवं होतं. अर्ज वाचला आणि पडवीत आधी हसू फुटलं. "आता आमची बाई बटण दाबून धुणं धुणार!" "हाताला मेंदी लागली का गं?" "असली चैन आपल्याला कुठं परवडायची?" ती काही बोलली नाही, पदराचं टोक पिळत बसली. मी लिहिलं, 'सदर मागणी चैनीच्या वस्तूसाठी असल्याने नामंजूर.' खाली सगळ्यांच्या सह्या झाल्या. तिचीही झाली.

पुढं तिनं ते मशीन घेतलं, पण बाहेरच्या फायनान्सकडून, आठवड्याच्या हप्त्यावर. समूह सोडला नाही. बचत दर महिन्याला वेळेवर भरली. पण त्यानंतर दोन वर्षं तिनं आमच्याकडं एकही अर्ज केला नाही.

आता शब्दाकडं येऊ.

एक शब्द, तीन अर्थ

लेक कॉलेजातून वेळेवर आली नाही की आपण म्हणतो, "ती घरी येईस्तोवर मला चैन पडेना." इथं चैन म्हणजे स्वस्थता, जिवाला निवांतपणा. हिंदीत आजही या शब्दाचा मुख्य अर्थ हाच आहे. तिकडं कुणी चैनीत झोपला म्हटलं, तर तो शांत, निर्धास्त झोपला असं समजायचं.

दुसरा अर्थ आपल्या मराठीत जास्त चालतो. मौजमजा, गरजेपेक्षा जास्तीचा खर्च, ऐट. "बापाच्या पैशावर चैन करतो." शाळेच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात वस्तूंचे प्रकार असत, गरजेच्या वस्तू आणि चैनीच्या वस्तू. माझ्या ठरावातली 'चैनीची वस्तू' तिथूनच आली असणार. शाळेत शिकलेलं असं कुठंही वर येतं.

तिसरी चैन मुळात ही चैनच नव्हे. गळ्यातली सोन्याची चैन, पर्सची चैन, लोकलच्या डब्यात ओढायची चैन. हा इंग्रजी शब्द, अर्थ साखळी. खरं तर 'चेन' लिहायला हवं, पण बोलताना आपण सगळ्या चैनच म्हणतो. दुसरी चैन करायची असेल तर तिसरी चैन, म्हणजे पर्सची, उघडावी लागते, एवढाच त्या दोघींचा संबंध.

पहिल्या दोन अर्थांवर मात्र जरा थांबा. स्वस्थपणा आणि उधळेपणा या दोन अगदी निराळ्या गोष्टींना आपल्याकडं एकच शब्द आहे. त्यामुळं होतं काय, की बाई जरा स्वस्थ बसलेली दिसली की ती उधळेपणा करतेय असं वाटायला लागतं. दुपारी अर्धा तास आडवी झालेल्या सुनेला सासू काय म्हणते? "चैन आहे बाई तुमची!" पारावर सकाळपासून बसलेल्या बाप्यांना असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. ते 'बसलेत', इतकंच.

२०१९ साली केंद्र सरकारनं देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. माणसं चोवीस तास कशात घालवतात ते घरोघरी जाऊन विचारलं. त्यात आढळलं की घरकाम करणाऱ्या बाईचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात जातो, म्हणजे जवळजवळ पाच तास, तेही बिनपगारी. घरकाम करणाऱ्या पुरुषाचा जातो ९७ मिनिटं. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते चारांत एक. अशा दिवसातून अर्धा तास काढून कुणी पाठ टेकली, तर ती पहिल्या अर्थाची चैन आहे. तिला दुसऱ्या अर्थाची समजू नका.

चैनीची भावंडं

खर्चाला आपल्याकडं शब्द भरपूर आहेत, आणि कुणाच्या खर्चाला कुठला शब्द लावायचा याचे न लिहिलेले नियमही आहेत.

'हौस' बघा. हा शब्द मूळ अरबी. हिंदीतला 'हवस' त्याचाच भाऊ. तिकडं तो हावरेपणासाठी, वाईट अर्थानं वापरतात. आपल्याकडं मात्र तो इतका गोड झाला की "हौसेला मोल नाही" अशी म्हणच पडली. एखाद्या खर्चाला हौस म्हटलं की प्रश्न संपले.

'ऐष' हाही अरबी. त्याचा तिथला अर्थ नुसतं जगणं. इजिप्त देशात आजही रोजच्या भाकरीला, म्हणजे त्यांच्या रोटीला, ऐशच म्हणतात. जगण्यापुरती भाकरी ते ऐषाराम, एवढा लांबचा प्रवास त्या शब्दानं केलाय.

'चंगळ' जरा निष्पाप आहे. आंब्याच्या दिवसांत पोरांची चंगळ होते, माहेरी गेलं की आपली होते. त्याला 'वाद' जोडून वर्तमानपत्रांनी 'चंगळवाद' केला, तेव्हा कुठं तो भाषणात शिरला. 'उधळपट्टी' उधळण्यातून आली. भंडारा उधळतात, गुलाल उधळतात, घोडा उधळतो. त्यात हाताबाहेर जाणं आहे. 'चोचले' जिभेचे असतात आणि बहुतेक वेळा सुनेच्या नाहीतर पोराच्या नावावर लागतात. 'थेरं' म्हाताऱ्या माणसाची.

आणि एक खास आपल्या भागातला शब्द, 'नाद'. बैलगाड्याचा नाद. शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि गावोगावचे घाट पुन्हा धुरळ्यानं भरले. मी शर्यतीविरुद्ध नाही. माझ्या माहेरी दावणीला गाड्याची बैलं होती, त्यांना अंडी आणि दूध आमच्या आधी मिळायचं. सांगायचं एवढंच, की लाखालाखाच्या त्या खर्चाला गावात कुणी चैन म्हणत नाही. त्याला नाद म्हणतात, आणि म्हणताना छाती फुगते.

म्हणजे बघा, पोराचा खर्च हौस, दादाचा खर्च नाद, घराण्याचा खर्च मान किंवा रीत. वॉशिंग मशीन मागणाऱ्या बाईच्या वाट्याला उरली चैन.

लोणावळ्याची चैन आणि आपलं पोट

आपला भाग असा, की दुसऱ्याच्या चैनीवर आपल्यातल्या कितीतरी घरांची चूल पेटते. शुक्रवारची संध्याकाळ झाली की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. भुशी धरण, टायगर पॉइंट, लोहगड, कार्ला, पवना धरणाच्या काठचे तंबू. त्या चैनीतून कुणाला कणसं भाजायला मिळतात, कुणाला बंगल्याची झाडलोट, कुणाला करवंदं-जांभळं विकायला. या चैनीला नावं ठेवून आपल्याला चालणार नाही, आणि मला ठेवायचीही नाहीत.

पण तिच्याकडं नीट बघितलं तर गंमत कळते. त्यांची चैन म्हणजे पावसात भिजणं. आपण लावणीला गुडघाभर चिखलात, पाठीवर प्लास्टिकचं खोळ नाहीतर जुनं इरलं घेऊन, दिवसभर त्याच पावसात भिजतो. त्यांची चैन म्हणजे चुलीवरचं जेवण. 'चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण' अशा पाट्या रस्त्याला दर अर्ध्या किलोमीटरवर आहेत. आपण त्याच धुरातून सुटायला गॅसची शेगडी घेतली. सिलिंडर घरात आला तेव्हा आधीच्या पिढीतल्या बायका त्याला काय म्हणाल्या होत्या? चैन!

चिक्कीचंही तसंच. बोरघाटातल्या रेल्वेच्या कामावर राबणाऱ्या मजुरांना ताकद यावी म्हणून इथं शेंगदाणे आणि गुळाची गुडदाणी विकायला लागले, तिचीच पुढं लोणावळ्याची चिक्की झाली, असं जुने लोक सांगतात. मजुराच्या पोटाची गरज होती ती आज रंगीत डब्यातून पाहुण्यांची चैन म्हणून जाते. पदार्थ तोच, दाणे आणि गूळ.

म्हणून वस्तू बघून चैन ठरवता येत नाही. ती कुणाच्या हातात आहे आणि तिनं काय होतं, हे बघावं लागतं. त्या ताईचं वॉशिंग मशीन घ्या. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. आषाढ-श्रावणात तुमच्या घरची गोधडी किती दिवसांत वाळते? आमच्याकडं पोरांचे शाळेचे कपडे चुलीवर दोरी बांधून शेकवावे लागतात, आणि वर्गात पोरांना धुराचा वास येतो. ती ताई शनिवार-रविवार बंगल्यावरच्या चादरी हातानं पिळायची. सोमवारी तिचं मनगट सुजलेलं असायचं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी 'वॉशिंग मशीन' म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं टीव्हीच्या जाहिरातीतली बाई आली, आमच्या शेजारी बसलेली आली नाही.

जी चैन वेळेवर ओळखली नाही

आता खरी उधळपट्टी कुठं झाली तेही बोलायला हवं, नाहीतर धडा अर्धाच राहील.

पुण्याभोवतीच्या गावांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एक नवा शब्द तयार झाला, 'गुंठामंत्री'. तो शब्दकोशात शोधू नका, एसटीत ऐका. ४० गुंठ्यांचा एक एकर. पूर्वी जमीन एकरात मोजायची, मग ती गुंठ्यागुंठ्यानं विकायला लागली. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ साली पूर्ण सुरू झाला, तळेगावकडं कारखाने वाढले, डोंगरउतारावर बंगले चढले आणि भाताच्या खाचरांना कधी ऐकले नव्हते असे भाव आले. ज्यांनी विकली त्यांच्या हातात एकाच दिवसात एवढा पैसा आला की तो मोजायची सवयच नव्हती. मोठी गाडी, गळ्यात बोटाएवढी चैन (ही तिसरी!), ढाब्यावर रोज दहा जणांची पंगत, चौकात स्वतःच्याच वाढदिवसाचा फ्लेक्स. शेजारच्या तालुक्याच्या नावानं २०१८ साली 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा आला, त्यात जमीन गेल्यावर पुढं काय होतं ते दाखवलंय. आपल्यातल्या बऱ्याच जणींना तो बघताना घरातलीच माणसं आठवली असतील.

या शब्दात थट्टा आहे, पण हेवाही आहे. मंत्रीच म्हटलंय शेवटी. पैसा जात होता तेव्हा त्याला कुणी चैन म्हणालं नाही. म्हणणार कोण? घरातल्या बाईला वडगावला दस्तावर सही करायला नेलं, गाडीतून नेलं, येताना साडी घेऊन दिली. बहिणींना हक्कसोडपत्रावर सह्या करायला बोलावलं. महाराष्ट्रानं १९९४ सालीच वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क दिला, म्हणून तर त्यांची सही लागते. सही लागते म्हणजे विचारायचा हक्कही आहे. "पैसे आल्यावर काय करायचं ठरलंय?" एवढा प्रश्न त्या दिवशी विचारला, तर त्याला भांडण म्हणत नाहीत. आज काही घरांत अशी वेळ आहे, की आपल्याच विकलेल्या खाचरावर बांधलेल्या बंगल्यात घरची बाई फरशी पुसायला जाते. तिच्या घरी सोन्याच्या चैनीची फक्त पावती उरलीये.

सगळ्यांनी तसं केलं नाही, हेही खरं. काहींनी त्या पैशातून दुसरीकडं शेत घेतलं, गाळे बांधले, मुलींना शिकवलं. त्यांच्या नावानं मात्र कुठला शब्द तयार झाला नाही.

हा आळ जुना आहे

दुसऱ्यानं आपल्याला उधळे ठरवायचं, ही गोष्ट आजची नाही. १२ मे १८७५ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुपे गावच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं लुटली, कर्जाचे कागद जाळले. आजूबाजूच्या गावांत आणि नगर जिल्ह्यातही हे लोण पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. शेतकरी एवढा कर्जात का बुडाला याची चौकशी करायला इंग्रज सरकारनं आयोग नेमला. साहेब लोक आणि शहरातले शिकलेले लोक एक कारण नेहमी पुढं करायचे, की शेतकरी लग्नकार्यात पैसा उडवतो, म्हणून कर्जबाजारी होतो.

आयोगानं गावोगावचे हिशेब तपासले आणि १८७८ सालच्या अहवालात नोंदवलं, की लग्नाच्या खर्चाला या बाबतीत उगाच जास्त महत्त्व दिलं गेलंय. तो खर्च असतो खरा, पण कर्जाची सुरुवात सहसा त्याच्यापासून होत नाही. जड सारा, तो ठरलेल्या तारखेला रोख भरायची सक्ती, पडलेले भाव आणि व्याजावर चढणारं व्याज हे खरं दुखणं होतं. १८७९ साली शेतकऱ्यांना संरक्षण देणारा कायदा आला. पुढं १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात त्यांनी हाच आळ घेतला आणि शेतकऱ्याच्या घरचं लग्न प्रत्यक्षात किती साधं असतं ते एकेक वस्तू सांगून दाखवलं.

त्यांनी वस्तू मोजल्या, हे मला फार आवडतं. चैन आहे की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा यादी केलेली बरी.

अलीकडचं उदाहरण तर तुमच्या-माझ्या कपाटातलं आहे. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या यांच्यावर कर शून्य होता. सॅनिटरी पॅडवर होता १२ टक्के. बांगडी गरजेची ठरली आणि पॅड कर लावण्याजोगी वस्तू झाली. देशभरातून बायकांनी आवाज उठवला आणि जुलै २०१८ मध्ये तो कर काढला गेला. यादी करणाऱ्यांच्या टेबलाशी बायका किती होत्या, ते या एका आकड्यावरून समजून घ्या.

पण आपल्या समूहाच्या बैठकीत तर सगळ्या बायकाच होत्या ना? तिथंही यादी तशीच झाली. म्हणून म्हणते, टेबलाशी बाई बसली की आपोआप सगळं नीट होतं असं नाही. डोक्यातले जुने शब्द बरोबर घेऊनच आपण सतरंजीवर बसतो.

ठरावबुकात काय लिहायचं?

आता कामाचं. कर्जाचा अर्ज समोर आला की 'ही गरज की चैन' असं लगेच विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर आपल्या सवयी देतात. त्याऐवजी आधी हिशेब मांडा. त्या दिवशीचे दोन अर्ज घेऊन मी तो आता मांडून दाखवते.

वॉशिंग मशीनचे ९,०००, महिना १,००० मुद्दल, नऊ हप्ते. आमच्या समूहाचा व्याजदर महिना शेकडा २ रुपये, शिल्लक रकमेवर. पहिल्या महिन्याचं व्याज १८०, मग १६०, मग १४०, असं उतरत जाऊन शेवटचं २०. एकूण व्याज ९०० रुपये. ते समूहाच्याच पेटीत आलं असतं. वाढदिवसाचे २०,०००, महिना २,०००, दहा हप्ते. व्याज ४०० पासून ४० पर्यंत उतरत, एकूण २,२०० रुपये. मशीन आजही चालतंय. वाढदिवसाचा फ्लेक्स पंधरा दिवसांत पावसानं खाली आला आणि त्याचं कापड त्यांच्या गोठ्यावर टाकलंय. ते मात्र उपयोगी पडलं, खोटं कशाला बोलू!

हिशेब मांडला की पुढचे प्रश्न आपसूक येतात. ही वस्तू किती दिवस टिकेल? हिच्यामुळं कुणाचं कष्टाचं काम हलकं होईल? हप्ता कुठल्या कमाईतून जाईल, आणि ती कमाई कुणाची? आणि एक प्रश्न जरा धीर करून विचारायचा, की हा अर्ज सहीपुरता हिचा आहे का? म्हणजे अर्ज ताईच्या नावावर, पण मोबाईल पोराला, नाहीतर गाडीचा हप्ता नवऱ्याचा. सगळ्यात जास्त चैन अशाच अर्जांत लपलेली असते आणि अर्जावर कारण लिहिलेलं असतं 'शेती' किंवा 'शिक्षण'. मी सचिव असताना असे अर्ज डोळे मिटून लिहिलेत, हे कबूल करते.

याचा अर्थ वाढदिवस करूच नये असं मी म्हणणार नाही. नुसतं राबायचं आणि हप्ते फेडायचे, याला जगणं म्हणत नाहीत. चैत्रात एकविरेच्या यात्रेला नवी बांगडी भरावीच, लेक माहेरी आली की गोडधोड व्हावंच. माझं मत एवढंच, की हौस बचतीतून करावी आणि कर्ज कष्ट कमी करण्यासाठी घ्यावं. हे मत सगळ्यांना पटेल असं नाही. आमच्या प्रभागातल्या काही समूहांनी सणासाठी वेगळी बचत सुरू केलीये, महिना ५० रुपये. वर्षाला बाईमागं ६०० होतात. दिवाळीचं तेल-साखर सगळ्यांनी मिळून घाऊक आणायचं आणि उरलेलं वाटून घ्यायचं. त्यातून केलेल्या खर्चाला कुणी काहीही म्हणो, त्यावर व्याज नाही.

मागच्या महिन्यात मी ते जुनं ठरावबुक बैठकीत नेलं आणि ती ओळ मोठ्यानं वाचली. पडवी तीच होती. हसलं कुणी नाही. ती ताई म्हणाली, "मशीनचं जाऊ द्या, ते घेतलं मी. पण तुमच्याबरोबर मीपण सही केली ना त्याच्यावर, ते मला अजून डाचतंय." मग आम्ही त्याच पानावर, त्या ओळीच्या खाली, आजची तारीख टाकून नवी ओळ लिहिली: 'वरील ठरावातील कारण चुकीचे होते.' पुन्हा सगळ्यांच्या सह्या घेतल्या. तिनं सगळ्यांत शेवटी केली.

बैठकीत करून बघा

पुढच्या बैठकीत आपापलं ठरावबुक काढा आणि गेल्या तीन वर्षांत नामंजूर झालेले अर्ज वाचा. किती ठिकाणी 'चैन', 'अनावश्यक' किंवा 'अनुत्पादक' असं कारण लिहिलंय ते मोजा. त्या अर्जांतली वस्तू काय होती ते वहीच्या मागच्या पानावर लिहा. मग मंजूर झालेल्यांतले 'घरगुती कार्य' मोजा आणि त्याची रक्कम शेजारी मांडा. ज्या मैत्रिणीचा अर्ज नामंजूर झाला होता, तिनं पुढं ते पैसे कुठून उभे केले, हे तिची इच्छा असेल तरच विचारा. चिठ्ठी तुमच्या सीआरपी ताईकडं द्या, ती प्रभागसंघाच्या बैठकीत आणेल.

पुढच्या अंकातला शब्द आहे, 'उसनं'.